ऐंशी डाव्या बाजू

वैशाख चढला की आमच्या घरात टाचण्या उगवतात. चटईच्या विणीत, उशीच्या अभ्र्यात, देवाच्या आसनाखाली, आणि परवा तर पोह्यांत. दाताखाली आलेली टाचणी मी बाहेर काढून नातीला दाखवली, तर ती आनंदाने ओरडली, "अगं आजी, मोत्याच्या डोक्याची! कालपासून शोधतेय मी ही." आजी वाचली याबद्दल अवाक्षर नाही. टाचणी पुसून घेतली आणि गेली.

रेवा फॅशन डिझाइन आणि अपॅरल प्रॉडक्शनच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा म्हणजे पेपर लिहिणं नव्हे. स्वतः बेतलेले, स्वतः शिवलेले कपडे परीक्षकांसमोर उभे करायचे. त्याला ती 'ज्युरी' म्हणते आणि म्हणताना तिचा चेहरा खटल्यातल्या आरोपीसारखा होतो. सध्या हॉलभर कापड पसरलंय. मला स्वयंपाकघरात जायचं असेल तर भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, तिच्या जॅकेटच्या बाहीवर पाय न देता जावं लागतं. पोट आत घेणं या वयात सोपं नसतं. पण नातीच्या शिक्षणासाठी माणूस काय काय करतो.

दुपारी अडीच वाजता पनवेल वितळतं. रस्त्यावरचा ताडगोळेवाला छत्रीखाली पेंगतो, विमानसुद्धा आळसावल्यासारखं वरून सरकतं, आणि घरात कोऱ्या कापडाच्या खळीचा वास इस्त्रीच्या वाफेबरोबर उठतो. ओलसर, पिठूळ, किंचित आंबूस. बाकी सगळं मी विसरत चाललेय, काल दूध घेतलं की नाही तेही आठवत नाही. पण या वासाने मला हाताला धरून नेलं की मी मुकाट्याने जाते. डोळे मिटते. पंख्याची घरघर पायमशीन होते. आणि मी एकवीस वर्षांची, दोन वेण्यांची, नाक वर केलेली, पनवेलच्या बाजारातल्या एका गल्लीत उभी असते.

"आजी, तू पण हेच शिकलीस ना? कशी होतीस तेव्हा?" रेवाने परवा विचारलं.

"गाढव," मी म्हटलं. "शिकलेली गाढव. साधं गाढव निदान ओझं तरी वाहतं."

आमच्या वेळी फॅशन ही शिकायची गोष्टच नव्हती. ती करायची असे, आणि तीही घरच्यांना न कळता. मुंबईतल्या बायकांच्या विद्यापीठात वस्त्रशास्त्र नावाचा विषय होता. कापड कसं विणतात, कसं बेततात, आणि कारखान्यात शेकड्याने कपडे कसे काढतात ते त्यात शिकवत. मिठागरवाल्याची मुलगी तिथे कशी पोचली ही वेगळी कथा. पोचली, आणि पोचल्यावर तिच्या डोक्यात जी हवा गेली ती पुढची तीन वर्षं उतरली नाही, एवढं खरं.

धागा जाळून कापड ओळखायचं तिथे शिकवलं. सुती धागा कागदासारखा जळतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, नायलॉन वितळून गोळी होते. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले ती काडेपेटी घेऊनच. बाबांचं धोतर, पडदा, शेजारणीचा पदर, सगळ्यांचा एकेक धागा माझ्या ज्ञानयज्ञात पडला. शेवटी आयच्या लग्नातला शालू. धाग्याची गोळी झाली. मी न्यायाधीशासारखी मान वर केली. "आय, हे रेशीम नाही. तुला फसवलंय. नकली आहे."

आय मासळी साफ करत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "जल्लं तुजं शिक्षान! लगीन लागलं ना त्याच्यात? मंग खरं हाय तं."

या उत्तराला कुठल्या प्रकरणात घालावं हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात सहा आठवडे प्रत्यक्ष शिवणकामाच्या जागी काढायचे होते. मैत्रिणींना मुंबईतल्या निर्यातीच्या कंपन्या मिळाल्या. माझं वसतिगृह मेमध्ये बंद, मुंबईत नातलग नाही; म्हणून मी परत घरी, आणि घरून रोज पनवेलच्या बाजारात, हसनमास्तरांच्या दुकानात. आयने एका वाक्यात निकाल दिला, "कापडाचं शिकाला म्हमईला गेली, न् शिवाला पनवेललाच आली."

तो उन्हाळा मला आज एखाद्या झिरझिरीत पडद्यामागून दिसावा तसा दिसतो. सकाळी एस.टी. धरायला मी मिठागरांच्या बांधावरून चालत जायची. मीठ पिकताना कुणी बघितलंय का? खाजणात अडवलेलं भरतीचं पाणी आधी नुसतं चमकतं. मग ऊन चढलं की त्याच्यावर साय धरते, मलमलीइतकी पातळ. वाऱ्याने तिला चुण्या पडतात. मग ती जड होते, बुडते, आणि तळाशी दाणा धरते. बाबा गुडघाभर उन्हात उभे राहून लांब दांड्याच्या फळीने ते दाणे ओढायचे, आणि बांधावर पांढरे ढीग उभे राहायचे, कुणीतरी पांढऱ्या झग्यांत माणसं ओळीने बसवल्यासारखे. मला आता ते झग्यांसारखे दिसतात. तेव्हा मला काही दिसत नव्हतं. मी पुस्तकातली आकृती तोंडपाठ करत चालायची, आणि बाबांनी हाक मारली की "हो हो" म्हणून पुढे जायची.

दुकान म्हणजे तीन पायमशीनं, भिंतीला टांगलेले अर्धवट शर्ट, आणि मधोमध कटिंगचं फणसाच्या लाकडाचं टेबल. दुपारी कौलांतल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा त्या टेबलावर उतरायचा आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू या टोकाकडून त्या टोकाला जायचा. मे महिन्यात आखातातून रजेवर आलेली माणसं दुकानात यायची. त्यांच्या कापडांना नव्या बॅगेचा आणि अत्तराचा वास असे. लग्नसराई असे. माप देता देता दुबईतल्या उकाड्याच्या गोष्टी निघत आणि पनवेलचा उकाडा थोडा सुसह्य होई.

त्या टेबलाशी आदमचाचा उभे असायचे. हसनमास्तरांचे थोरले भाऊ. सत्तरीचे, काडीसारखे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. दुकान मास्तरांचं, पण कात्री चाचांची. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच ते मान वाकडी करून बघत आणि पुटपुटत, "छाती अडतीस, डावा खांदा उतरलेला." टेप लावला की अडतीस. निम्म्या बाजाराची पोटं त्यांना पाठ होती. "पाटील, दोन बोटं वाढलात. लगीन पोराचं आहे की तुमचं?" असं ते भर दुकानात विचारत, आणि पाटील लाजत.

मी पहिल्याच दिवशी पांढरा ॲप्रन घालून, गळ्यात थांबघड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच, अडकवून हजर झाले. कारखान्यात कुठल्या कामाला किती वेळ लागतो, किती हालचाली वाया जातात, याची नोंद करायची असते. मी नोंद केली. आदमचाचांचा चहा : सात मिनिटे. अनावश्यक हालचाली : बशीत फुंकर, चार वेळा.

मी ते मास्तरांना ऐकवलं, आणि त्यांनी हसत हसत भावाला सांगितलं. चाचांनी बशी खाली ठेवली. "फुंकर नको मारू? मग जीभ काय पाव्हण्याची भाजू?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "कागदवाली, तुझ्या घड्याळात माणूस श्वास घेतो ते धरतात का?"

तेव्हापासून मी कागदवाली. कारण मी प्रत्येक गोष्ट आधी खाकी कागदावर काढायची, कापायची, त्यावर बाणांच्या खुणा करायची, आणि मग कापडाकडे वळायची. चाचा सरळ कापडावर खडू फिरवायचे. मला ते रानटी वाटायचं. हो, रानटी हाच शब्द मी मैत्रिणीला पत्रात लिहिला होता. आता आठवलं की मला त्या पोरीची वेणी धरून ओढावीशी वाटते.

तर अशात बाबा एके दिवशी खांद्यावर कापडाचा तागा घेऊन दुकानात आले. मिठाने पांढरे झालेले पाय पायरीवर पुसून उंबऱ्यातच उभे राहिले. आमच्या गावच्या शाळेतल्या चाळीस पोरांचे सदरे शिवायचे होते. पोरगा असो की पोरगी, सगळ्यांना एकच बेत. जूनमध्ये शाळा उघडताना अंगावर हवेत. गावाने पनवेलला शिवायला टाकायचं ठरवलं, आणि बाबा गावसभेत बोलून बसले होते, "आमची बाय कापील. म्हमईला त्याचंच शिकतंय."

कापड किती घ्यायचं ते मीच बाबांना कागदावर काढून दिलं होतं. "इतकंच. चिंधीभर जास्त नको," असं बजावून. स्वस्तातलं निळ्या चौकड्यांचं कापड होतं ते; चौकडी विणलेली नव्हती, एका बाजूने छापलेली. सुलट बाजू गडद निळी, उलट बाजू आजारी माणसासारखी फिकी. दुकानदाराकडचा तो शेवटचा तागा होता.

चाचांनी कापडावर हात फिरवला आणि म्हणाले, "दुहेरी घडी घालू, बेटी. घडीत जोडी आपोआप निघते."

बरोबरच होतं ते. सदऱ्याच्या पुढच्या दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. घडी घातलेल्या कापडावर एकच बाजू आखून कापली की डावी-उजवी जोडी हातात येते. शिंप्याचं पोर दुधाच्या दातांनी शिकतं हे.

पण मला कारखाना दाखवायचा होता ना! "चाचा, घडीत वेळ जातो. कारखान्यात कापड उघडं पसरतात, थरावर थर, सगळ्यांची सुलट बाजू वर. एकदा आखायचं, सगळे थर एकदम कापायचे."

"तुझी रीत," चाचा म्हणाले.

दहा-दहा थरांचे चार गठ्ठे लावले. सुरकुतीसुद्धा नाही, मीच पसरले होते. मग माझा खाकी कागद काढला. त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : पुढची बाजू, दोन कापा. मी कागद ठेवला, खडूने आखला. शेजारी सरकवला, पुन्हा आखला. झाल्या दोन. चारही गठ्ठ्यांवर असंच. चाचांनी मोठी कात्री घेतली आणि माझ्या रेघांवरून चालवली. उन्हाचा पट्टा टेबलाच्या त्या टोकाला पोचायच्या आत सगळं कापून तयार. मी थांबघड्याळ बंद केलं. आयुष्यात त्याहून मोठा विजय मला परत मिळाला नाही. लग्नातसुद्धा नाही.

मी कागद सरकवला होता. उलटवला नव्हता.

रेवाला हे सांगितलं तेव्हा तिला बराच वेळ कळेना की मी चुकले कशी. "अगं पण सॉफ्टवेअरमध्ये एक टिक असते. 'पेअर' म्हणून. ती केली की दुसरा पीस आपोआप मिरर होतो." मी म्हटलं, "आमच्याकडे ती टिक आदमचाचांच्या घडीत होती. मी ती काढून टाकली."

दुसऱ्या दिवशी दुपारी हसनमास्तर पहिला सदरा जोडायला बसले. गठ्ठ्यातून डावी बाजू काढली, ठेवली. उजवीसाठी हात घातला, डावी आली. बाजूला टाकली. पुन्हा डावी. मशीन थांबलं. मास्तर उठून टेबलाशी गेले आणि पत्ते पिसावेत तसे ते तुकडे बघत गेले. शेवटपर्यंत. ऐंशी डाव्या बाजू. उजवी एकही नाही.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सुशिक्षित मुलीकडे अशा वेळी कोण बघतं? त्यांनी भावाकडे पाहिलं आणि फार हळू आवाजात म्हणाले, "भाईजान, चष्मा बदलायला सांगत होतो ना मी."

चाचांनी एक तुकडा उचलला. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे एकदा बघितलं, मग तुकडा खाली ठेवला. "कात्री माझीच होती," एवढंच म्हणाले.

"उद्यापासून तुम्ही काजं-बटणं बघा. कटिंग मी बघतो."

आणि मी? मांजर दूध सांडल्यावर खिडकीबाहेरच्या निसर्गाचं जसं निरीक्षण करतं, तसं मी गल्लीतल्या विजेच्या खांबाचं निरीक्षण करत होते. फार सुंदर खांब होता. संध्याकाळी मी माझी प्रशिक्षणाची वही उघडली. तिच्यात इंग्रजीतून रोजचं काम लिहायचं असे, आणि आठवड्याच्या शेवटी मास्तरांची सही. 'दोष' या रकान्यात मी लिहिलं : पुढच्या सर्व बाजू डाव्या कापल्या गेल्या. शेजारी 'कारण' असा रकाना होता. तिथे मी गोल गोल, अगदी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : कटरची कमजोर दृष्टी.

गंमत करत करत इथवर आले, पण या ओळीपाशी माझी गंमत दरवेळी थांबते.

पुढचे तीन दिवस चाचा दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून काजं करत होते. गिऱ्हाईकं पायरी चढताना विचारायची, "चाचा, इथे?" "उमर झाली," चाचा सांगायचे. मोठ्या कात्रीत शोभणारी ती लांब बोटं सुईचं भोक शोधत राहायची. मग हाक यायची, "कागदवाली, जरा ओवून दे." मी जायची, दोरा ओठांत ओला करायची, ओवून द्यायची. ते "जीती रहो" म्हणायचे. असं दिवसातून दहा वेळा. माझ्या गळ्यातलं थांबघड्याळ कधीच बंद पडलं होतं. मी किल्ली दिलीच नव्हती.

टेबलापाशी आता मास्तर उभे राहत, पण त्यांना प्रत्येक माप लिहून घ्यावं लागे. पाटील आले, तर त्यांना कुणी पोटावरून बोललं नाही. ते जरा वेळ घुटमळले, दाराकडे बघितलं, आणि मग गेले. बांधावर संध्याकाळी बाबा विचारायचे, "सदरे झाले का गो, बाय?" मिठाच्या ढिगांवर गवत पांघरायचं काम सुरू झालं होतं, जून जवळ आला होता. मी म्हणायची, "होतायत." ते समाधानाने मान हलवायचे आणि खांद्यावरची फळी या खांद्याची त्या खांद्यावर घ्यायचे.

शनिवारी दुपारी मी सहीसाठी वही पुढे केली. मास्तर इंग्रजी वाचत नसत. नेहमी बोट दाखवीन तिथे सही करत. त्या दिवशी कोण जाणे, पेन उघडून थांबले. "इतकं काय लिहितेस गं रोज?"

दारातून चाचांचा आवाज आला, "वाच ना. मोठ्याने वाच. मुंबईत आमच्याबद्दल काय कळवतेस ते आम्हाला तरी कळू दे."

मी वाचायला लागले, मराठी करून. सोमवार, कॉलर. मंगळवार, चाळीस सदऱ्यांची कापणी, लागलेला वेळ. चाचा मान डोलावत होते. बुधवार, दोष, पुढच्या सर्व बाजू डाव्या कापल्या गेल्या. कारण.

"कारण?" मास्तर म्हणाले.

"शाई पसरलीय."

"तीन दिवस झाले," चाचा म्हणाले. "तुमच्या युनिव्हर्सिटीची शाई वाळत नाही वाटतं."

मी इथे ढसाढसा रडले असं लिहिलं तर लेख देखणा होईल. पण आधी मला शिंक आली. कापडाच्या धुळीने. एक, दोन, तीन. आणि तिसऱ्या शिंकेबरोबर तोंडातून बाहेर पडलं, "कागद मी उलटवला नाही. दोन्ही वेळा तसाच ठेवला. रेघा माझ्या होत्या. आणि इथे मी चाचांचे डोळे लिहिलेत."

मशीनं थांबली. गल्लीतून करवंदवाली ओरडत गेली. मला वाटलं, आता मास्तर मला हाकलतील, किंवा चाचांना म्हणतील चला, टेबलाशी या. पण मास्तर भावाकडे वळले आणि त्यांनी असा प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यात तीन दिवसांत आला नव्हता.

"रेघा तिच्या. पण कापताना दोन्ही एका अंगाच्या आहेत, हे तुम्हाला दिसलं नाही?"

आता माझ्या खरं बोलण्याने चाचांचं टेबल परत मिळणार नव्हतं, उलट कायमचंच जाणार होतं. पन्नास वर्षं कापड कापणाऱ्याला हे दिसलं नसेल, तर डोळे खरंच गेले होते.

चाचांनी सुई हातातल्या कापडात खुपसून ठेवली. "दिसलं की. कात्री लावायच्या आधी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, नवी रीत असेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत टोमणा नव्हता, हे मला आजही सोसत नाही. "पोरगी एवढं शिकून आली. आपण काय, बापाने कात्री दिली ती धरली. मला वाटलं, शेवटी काहीतरी करून जोडी निघेल. मी बघत होतो, कशी निघते ते."

मास्तर गठ्ठ्याकडे वळले.

"आणि बगलेची रेघ अर्धं बोट बाहेर गेली होती तिची, चारही गठ्ठ्यांवर," चाचा म्हणाले. "ती कापताना मी आत घेतली. बघ लावून."

मास्तरांनी माझा खाकी कागद उचलला, कापलेल्या तुकड्यावर ठेवला. बगलेशी अर्धं बोट कागद बाहेर होता. त्यांनी मोठी कात्री उचलली, बाहीला पुसली आणि टेबलावर चाचांच्या बाजूला, मूठ त्यांच्याकडे करून ठेवली.

सुई दिसत नव्हती आणि रेघ दिसत होती, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. आता नाही वाटत. आता मलाही रेवाकडून सुई ओवून घ्यावी लागते, आणि लांबचं मात्र असं लख्ख दिसतं की बोलायची सोय नाही. त्या टेबलावरचा उन्हाचा पट्टा, त्यात तरंगणारे कापडाचे तंतू, चाचांच्या चष्म्याच्या दोऱ्याला पडलेली गाठ.

सदऱ्यांचं काय झालं? चाळीस डाव्या बाजू उलटवल्या. उलट अंगाने ठेवली की डावीची उजवी होते. फक्त फिकी बाजू वर येते. मास्तरांना ते मुळीच मान्य नव्हतं. "उलटं कापड लावून दुकानाचं नाव घालवू?" चाचा म्हणाले, "नाव काय, जूनमध्ये पोरं उघडी बसली तरी जाईल." मास्तर कुरकुरत मशीनवर बसले. मी चाळीसच्या चाळीस उलटवून, एकेक डावीला जोडून, त्यांच्या हातात दिली. वहीतलं कारण खोडलं आणि खरं लिहिलं. त्याबद्दल आमच्या विद्यापीठातल्या बाईंनी पुढे काय ऐकवलं ते मी नातीलाही सांगितलेलं नाही.

रेवा हे ऐकून ताडकन उठून बसली. "आजी! एक बाजू डार्क, एक फेडेड? रिव्हर्स फेस? अगं, हेच तर माझ्या जॅकेटचं कन्सेप्ट आहे!"

"तुमच्याकडे कन्सेप्ट म्हणत असतील," मी म्हटलं. "आमच्याकडे बोंब म्हणत."

बाबांनी पहिला सदरा हातात घेऊन उंच धरला. उलटसुलट करून बघितला. मी सगळं सांगितलं, माझी चूक, चाचांचं स्टूल, वही, सगळं. त्यांनी ऐकलं, सदऱ्याची घडी घातली, आणि म्हणाले, "म्हंजे मास्तरच्या भावानं तुला राखली." मग घडी काखेत मारून, "गावात मी सांगतो. इचारतील तं सांगीन, आमच्या बायनं कापलं." चाळीस पोरं अर्धी गडद, अर्धी फिकी शाळेत बसली. मिठागराचं ऊन असं की दिवाळीपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच विटल्या.

माझे अजून दोन आठवडे उरले होते. मला वाटलं होतं चाचा आता माझ्याशी बोलणार नाहीत. उलटंच झालं. सोमवारी ते टेबलाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "तूच आख. मी कापतो." मी आखलं. त्यांनी कात्री उघडली, पहिल्या रेघेवर टेकवली, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कागदवाली, ही काय?"

"गळा, चाचा."

"गळाच ना? की युनिव्हर्सिटीत इथून पाय घालतात?"

पुढच्या रेघेला पुन्हा. "ही काय? खांदा? कुणाचा, माणसाचा की बैलाचा?" समोरचा अत्तरवाला हसायचा, पाटील मुद्दाम थांबून ऐकायचे. एकेका सदऱ्याला वीस वीस प्रश्न. आधी माझे कान लाल व्हायचे. मग मी उत्तरं तयार ठेवायला लागले. मग रेघ मारण्याआधीच मनात त्यांचा प्रश्न ऐकू यायला लागला, आणि हात थांबून विचार करायला लागला. वैशाख सरत होता, दुपारी ढगांच्या सावल्या कौलांवरून जात होत्या, उन्हाचा पट्टा टेबलावर येऊन पुसला जायचा, पुन्हा यायचा. मी आखत होते, चाचा विचारत होते, कात्री चालत होती. तसं शिक्षण मला मुंबईत मिळालं नाही.

शेवटच्या दिवशी कुणा नवरदेवाचा कुर्ता होता, भारी कापडाचा. मी आखला. चाचांनी गळ्याला विचारलं, खांद्याला विचारलं. बगलेच्या रेघेशी आले आणि काही न बोलता कात्री घातली. मी त्यांचा हात धरला. "चाचा, थांबा. ही विचारली नाहीत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे म्हणून नाही विचारली, बेटी. हात सोड."

मी हात सोडला.